आम्ही की आपण?

दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने जॉन हर्सीच्या ‘हिरोशिमा’वर लिहिलेला निबंध मी तपासत होते. दीड पानांच्या त्या निबंधात बॉम्ब टाकला गेला होता, शहर नष्ट झाले होते, माणसे मरण पावली होती, युद्ध संपले होते आणि शेवटी शांतता महत्त्वाची असल्याचे मानले जात होते. व्याकरणाच्या चुका जवळपास नव्हत्या. पण कोणी काही केले आहे असे एकही वाक्य निबंधात नव्हते. अभ्यासक्रमाच्या निकषांप्रमाणे मी समासात लाल शाईने सात वेळा ‘कोणी?’ असे लिहिले आणि ‘युक्तिवादाची स्पष्टता’ या सदरातले गुण कापले.

पुढच्या तासानंतर ती वर्गात रेंगाळली. गुणांबद्दल तक्रार नव्हती. तिने फोनवरचे एक छायाचित्र पुढे केले. हिरोशिमाच्या शांतता उद्यानात मृतांच्या नावांची नोंद ज्या कमानीखाली ठेवली आहे, तिथल्या दगडावरच्या लेखाचे. “सेन्सेई, या वाक्यातही कर्ता नाही. इथेही तुम्ही ‘कोणी?’ असे लिहाल का?”

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. त्यानंतरचे सगळे सत्र आम्ही या एका प्रश्नाभोवती घालवले, असे म्हटले तरी चालेल. साहित्य आणि इतिहास यांच्या आधारे इंग्रजी शिकवणे म्हणजे नेमके काय, याबद्दलची माझी समजूत त्यात बरीच हलली.

मी पश्चिम जपानमधल्या एका विद्यापीठात ‘ॲकॅडमिक इंग्लिश’ शिकवते. वर्गात चोवीस मुले. बहुतेक अर्थशास्त्र, शेतकी, अभियांत्रिकीची. पुढेमागे त्यांना इंग्रजीत प्रबंध वाचावे लागतील, काहींना लिहावेही लागतील, म्हणून हा विषय सक्तीचा. कोरड्या उताऱ्यांपेक्षा गोष्टी आणि इतिहास बरे, अशा विचाराने हा अभ्यासक्रम आखला गेला. अशा अभ्यासक्रमांचे दोन नमुने मी पाहिले आहेत. पहिल्यात साहित्य हा शब्दांचा साठा असतो: हेमिंग्वेची एखादी कथा घ्यायची, अवघड शब्द ठळक करायचे, गाळलेल्या जागा भरायच्या, शेवटी शंभर शब्दांत सारांश. दुसऱ्यात इतिहास हा ‘टॉपिक’ असतो: मेइजी काळातल्या आधुनिकीकरणाचे फायदे आणि तोटे, पाच परिच्छेदांत. दोन्हीकडे मजकुरातून माहिती पिळून घेतली की मजकुराचे काम संपते. मुले हे काम उत्तम करतात आणि सत्र संपल्यावर विसरतात. मला वाटते, व्याकरणाचा प्रश्न आणि इतिहासाचा प्रश्न जिथे एकच होऊन बसतो ते वाक्य सापडेपर्यंत अशा वर्गात साहित्यही नसते आणि इतिहासही नसतो.

भारतातून इथे आलेल्या शिक्षकाची एक खोड असते. इंग्रजी ही वाद घालण्याचीच भाषा आहे असे आपण गृहीत धरतो. आपल्याकडे तिला वाघिणीचे दूध म्हणण्याची रीत पडली. न्यायालयात, अर्जात, वर्तमानपत्रात आपण ती राज्यकर्त्यांशी भांडण्यासाठी वापरली. जपानमध्ये असे घडलेच नाही. इथे परकी भाषा वाचण्याची रीत इंग्रजीच्या फार आधीची आहे. अभिजात चिनी ग्रंथाच्या ओळींवर खुणा करायच्या, शब्दांचा क्रम फिरवायचा आणि तो जपानीत वाचायचा; याला कान्बुन कुन्दोकु म्हणतात. इंग्रजी आली तेव्हा तिलाही हीच रीत लागू झाली. याकुदोकु, म्हणजे भाषांतर करत वाचणे. शाळेत आजही तिचा अंमल पुष्कळ आहे. तिची टिंगल करणे परदेशी शिक्षकांना आवडते. मीही केली आहे. पण शब्द शब्द उलटून पाहण्याची ही सवय ज्याला आहे, त्याला वाक्यातला कर्ता गेला कुठे हा प्रश्न आपल्यापेक्षा लवकर पडतो, हे मला फार उशिरा कळले.

लाफकादिओ हर्नलाही ते कळले नव्हते, असे आता म्हणावेसे वाटते. १८९० मध्ये तो जपानला आला. मात्सुए, मग कुमामोतो, आणि १८९६ पासून १९०३ पर्यंत टोकियोच्या शाही विद्यापीठात त्याने इंग्रजी शिकवली. मात्सुएतल्या अनुभवांवर त्याने एका इंग्रजी शिक्षकाची डायरी म्हणून एक प्रकरण लिहिले. ते त्याच्या १८९४ च्या जपानविषयक पुस्तकात आहे. त्यात विद्यार्थ्यांच्या निबंधांबद्दल त्याचे एक निरीक्षण आहे: एकाच विषयावरचे सगळे निबंध एकसारखे, त्याच प्रतिमा, तेच भाव, अक्षरसुद्धा एका कुटुंबातले वाटावे असे. लिहिणाऱ्याची वैयक्तिक मुद्रा कुठेच नाही. हर्नने हे तुच्छतेने म्हटलेले नाही. उलट या सारखेपणात त्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे सामूहिक मन दिसले आणि त्यावर तो लुब्ध झाला. मात्र तिरस्कार आणि लोभ दोन्हींची बैठक एकच आहे: वाक्यात ‘मी’ दिसत नाही, म्हणजे तो नाही. इंग्रजीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेला मुलगा परक्या भाषेत जपून, पाठ असलेल्या वाटेनेच चालणार, ही साधी शक्यता त्याने पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाही. (माझ्या सात ‘कोणीं’ची बैठकही हीच होती. फक्त माझ्याकडे हर्नची शैली नाही.)

हर्नच्या जाण्याने टोकियोच्या मुलांना दुःख झाले. तो सावकाश बोलायचा, मुले शब्दन्‌शब्द उतरवून घ्यायची. त्या वह्यांतूनच त्याची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली. त्याच्या जागी १९०३ मध्ये आलेल्यांपैकी एक होता नुकताच लंडनहून परतलेला नात्सुमे सोसेकी. कादंबरीकार म्हणून तो अजून कोणाला माहीत नव्हता. त्याने जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ वर्गात लावली आणि मुले नाराज झाली. हर्नच्या काव्यमय व्याख्यानांनंतर हा मास्तर शब्दांचे उच्चार आणि वाक्यांची रचना तपासत बसतो म्हणजे काय! नंतर ‘मॅकबेथ’ सुरू झाले तेव्हा मात्र वर्ग भरून वाहू लागला.

सोसेकीचे खरे काम निराळे होते. लंडनमधली दोन वर्षे त्याला अतिशय कष्टाची गेली. चिनी अभिजात वाङ्मयावर वाढलेल्या या माणसाने साहित्य म्हणजे तसेच काहीतरी असेल अशा समजुतीने इंग्रजी साहित्याचा अभ्यास पत्करला, आणि आपली फसवणूक झाली अशी भावना त्याच्या मनात घर करून राहिली. १९०७ च्या ‘बुंगाकुरोन’च्या, म्हणजे ‘साहित्यसिद्धान्ता’च्या, प्रस्तावनेत त्याने हे मोकळेपणाने लिहिले आहे. त्याने साहित्याची पुस्तके पेटीत बंद केली, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र वाचायला घेतले आणि ‘साहित्य म्हणजे काय’ याचे उत्तर इंग्रजांना न विचारता शोधायचे ठरवले. त्यातून आलेले सूत्र, मोठा ‘एफ’ अधिक लहान ‘एफ’, म्हणजे जाणिवेचा केंद्रबिंदू आणि त्याला चिकटलेली भावना, आज काहीसे बोजड वाटते. मला स्वतःला तो ग्रंथ सलग वाचवत नाही. पण १९१४ मध्ये गाकुशुइन या संस्थेत दिलेल्या व्याख्यानात त्याने या धडपडीचा अर्थ सांगितला तो आजच्या कोणत्याही निबंधलेखनाच्या पाठ्यपुस्तकापेक्षा स्वच्छ आहे. एखादा पाश्चात्त्य टीकाकार एखाद्या कवितेला चांगली म्हणतो आणि मला तसे जाणवत नाही, तर त्याची री ओढणे ही अप्रामाणिकता आहे. मतभेद का होतो ते शोधणे हे माझे काम आहे. याला त्याने नाव दिले ‘जिको होन्इ’, स्वतःला आधार धरणे. आपल्या हस्तपुस्तिकेत जिला ‘थीसिस स्टेटमेंट’ म्हणतात ती गोष्ट इथे आहे, पण पहिल्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य म्हणून नव्हे. तिच्यासाठी एका माणसाने प्रकृती पणाला लावली होती.

आता हर्सीकडे परत येते. ‘हिरोशिमा’ ३१ ऑगस्ट १९४६ च्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये छापले गेले, तो सबंध अंक त्यालाच दिला होता. सहा माणसे: दोन डॉक्टर, एक पाद्री, एक जर्मन धर्मगुरू, एक शिंप्याची विधवा, एक कारकून तरुणी. इंग्रजी गद्याचा धडा म्हणून ते वर्षानुवर्षे शिकवले जाते, कारण त्यात विशेषणे मोजकी आणि क्रियापदे ठाम आहेत. मीही त्याच हेतूने लावले होते. विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर मी वर्गाला म्हटले, हर्सीच्या पहिल्या वाक्यात बॉम्बचे क्रियापद शोधा, आणि त्याचा कर्ता.

पहिले वाक्य लांबलचक आहे. सकाळी सव्वाआठची अचूक वेळ, तारीख, आणि त्या क्षणी टिन कारखान्यातली तरुण कारकून शेजारणीशी बोलायला मान वळवते आहे. मान वळवणारीला नाव आहे, हुद्दा आहे, बसायची जागा आहे. बॉम्बच्या वाट्याला आलेले क्रियापद मात्र ‘चमकला’ अशा अर्थाचे आहे. तो कोणी टाकला नाही, तो चमकला. शेतकीच्या एका मुलाने हात वर केला: “मग हर्सीचेही गुण कापायचे?” वर्ग हसला, मीही हसले. पण प्रश्न खरा होता. कृतीमागचा कर्ता स्पष्ट सांगणे हा इंग्रजीचा स्वभाव आहे, असे आम्ही शिकवतो. आणि नमुना म्हणून जे गद्य पुढे ठेवतो ते आपल्या सर्वांत महत्त्वाच्या वाक्यात विमान, वैमानिक, राष्ट्राध्यक्ष सगळ्यांना बाहेर ठेवते. अमेरिकन पत्रकार, अमेरिकन साप्ताहिक, युद्ध संपून एक वर्ष. ही पळवाट म्हणायची का?

उत्तर मुलांकडूनच आले, आणि ते याकुदोकुच्या सवयीतून आले. ‘चमकला’ याचे जपानी करताना एकीने ‘पिका’ हा शब्द वापरला आणि थांबली. हिरोशिमाच्या लोकांनी बॉम्बला जे नाव दिले ते ‘पिकादोन’. पिका म्हणजे लखकन्, दोन म्हणजे धडाम्. खाली असलेल्या माणसाला कर्ता दिसलाच नव्हता; त्याला उजेड दिसला. हर्सीने वाक्याचा कॅमेरा त्या माणसाच्या डोळ्यांशी ठेवला, म्हणून कर्ता गळला. तेव्हा कर्ता गाळणारी वाक्ये दोन जातींची असतात. एक साक्षीदाराचे, ज्याला कर्ता दिसत नाही. दुसरे आरोपीचे किंवा त्याच्या वकिलाचे, ज्याला तो दाखवायचा नाही. दोन्हींचे व्याकरण सारखेच दिसते. फरक कळायला इतिहास लागतो. चीनमध्ये जपानी सैन्याने जे केले त्याला शालेय पुस्तकांत ‘आक्रमण’ म्हणायचे की ‘पुढे सरकणे’, यावरून १९८२ मध्ये जपानचे चीन आणि कोरियाशी मोठे वाजले होते. ती गोष्ट सांगितल्यावर वर्गातल्या कोणाला दुसरी जात वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

इबुसे मासुजीची ‘काळा पाऊस’ आम्ही पुढच्या दोन आठवड्यांत इंग्रजी भाषांतरातून वाचली. १९६५ मध्ये ती मासिकातून क्रमशः येऊ लागली तेव्हा तिचे नाव ‘पुतणीचे लग्न’ अशा अर्थाचे होते, हे मुलांना फार आवडले. पुतणीला किरणोत्साराची बाधा झालेली नाही हे वरपक्षाला दाखवण्यासाठी काका त्या दिवसांच्या डायऱ्या नकलून काढतो. आणि तिच्या डायरीत काळ्या पावसाचा उल्लेख येतो तेव्हा तेवढा भाग गाळावा की काय, अशी चर्चा घरात होते. पुरावा, उद्धृत, गाळलेला मजकूर, संपादनाची नीती. हे सगळे आम्ही एरवी ‘साहित्यचौर्य कसे टाळावे’ या नावाच्या कंटाळवाण्या तासाला शिकवतो. इथे ते एका घरात, एका मुलीच्या लग्नापायी उभे राहते. यापेक्षा जास्त मी या कादंबरीबद्दल इथे लिहीत नाही. तिला स्वतंत्र लेख हवा.

तर तो दगड. लेख १९५२ च्या ६ ऑगस्टला उघडा झाला. वाक्य मृतांना उद्देशून आहे: निवांत विसावा, कारण चूक पुन्हा होऊ दिली जाणार नाही, असा त्याचा आशय. मूळ क्रियापद सकर्मक आहे. चूक आपोआप न घडणे नव्हे, तर कोणीतरी ती पुन्हा न करणे. हा ‘कोणीतरी’ वाक्यात नाही. जपानीत त्याची गरज नसते, जसे मराठीत ‘उद्या येतो’ म्हणायला ‘मी’ लागत नाही. वाक्य लिहिणारे साइका तादायोशी हिरोशिमा विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते आणि स्वतः बॉम्बच्या तडाख्यातून वाचलेले होते. म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस. त्यांनीच त्याचे इंग्रजी केले, आणि इंग्रजीत त्यांना कर्ता घालणे भाग पडले. त्यांनी ‘वी’ घातला. ‘चूक’ या अर्थाच्या जपानी शब्दासाठी मात्र त्यांनी जो इंग्रजी शब्द निवडला तो दुष्कृत्याच्या जवळ जातो. एकाच माणसाने, एकाच दगडासाठी केलेली ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की भाषांतराचा आख्खा अभ्यासक्रम त्यात मावतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राधाबिनोद पाल हिरोशिमाला आले. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यातले भारतीय न्यायमूर्ती. १९४८ च्या भिन्नमतपत्रात सर्व आरोपी निर्दोष ठरवणारे. लेखाचा अर्थ कळल्यावर त्यांनी हरकत घेतली: हा ‘आम्ही’ उघडच जपानी लोकांचा आहे, पण बॉम्ब टाकणारे जपानी नव्हते, ज्यांनी टाकला त्यांचे हात अजून धुतले गेलेले नाहीत. साइका यांनी त्यांना पत्र लिहून निषेध नोंदवला. हिरोशिमाचे नागरिक हे जगाचेही नागरिक आहेत, आणि चूक पुन्हा न करण्याचे वचन त्या नात्याने दिलेले आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. वाद तिथे मिटला नाही. जपानमधले राष्ट्रवादी आजही पालांचे बोट धरून या दगडावर चाल करतात. यासुकुनी देवळाच्या आवारात २००५ पासून पालांचे स्मारक आहे. भारतीय शिक्षकाला वर्गात या नावाने मिळणारी सलगी मला नेहमी अवघड करते. एका मुलाने पहिल्याच दिवशी आजोबांना पाल फार आवडतात असे आपुलकीने सांगितले होते, आणि मी नुसती मान हलवली होती.

मला वाटले, या भांडणावर माझ्याकडे मराठीचे उत्तर आहे. इंग्रजीचा ‘वी’ एकच. जपानीतही ‘वारेवारे’ म्हणा, ‘वाताशिताची’ म्हणा, समोरचा त्यात धरला की नाही ते कळत नाही. हिंदीचा ‘हम’, पालांच्या बंगालीचा ‘आमरा’ तसाच. मराठीत मात्र निवड करावीच लागते: ‘आम्ही’ म्हटले तर समोरचा बाहेर, ‘आपण’ म्हटले तर आत. गुजराती, तमिळ, तेलुगू, मल्याळम वाचकांना हे सांगायला नको. त्यांच्याकडेही ही सोय आहे. मी फळ्यावर दोन्ही शब्द देवनागरीत लिहिले, उच्चार करून दाखवले आणि मोठ्या समाधानाने मांडणी केली. पालांनी वाक्य ‘आम्ही’ म्हणून वाचले: आम्ही जपानी. साइकांनी ते ‘आपण’ म्हणून लिहिले: आपण सारी माणसे. दोन मोठी माणसे एका सर्वनामाच्या अभावी भांडली. मुलांनी वहीत उतरवून घेतले. तास संपायला पाच मिनिटे होती.

तेव्हा त्याच विद्यार्थिनीने विचारले, “पण हे वाक्य बोलले कोणाशी जात आहे?”

मृतांशी. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात त्यांनाच तर संबोधले आहे. ‘आपण’मध्ये समोरचा आत येतो, असे मीच आत्ता शिकवले होते. मग ‘आपण’ म्हटले तर चूक न करण्याचे वचन मृतांनीही द्यायचे. त्यांनी तर काही करायचे उरलेले नाही. मराठीत या वाक्याला एकच सर्वनाम चालेल, ‘आम्ही’. पण तो ‘आम्ही’ जपान्यांचा नाही की अमेरिकनांचा नाही. तो जिवंतांचा आहे. जो कोणी त्या दगडासमोर उभा राहून ते वाचतो तो, मृत सोडून. माझी सुबक मांडणी फळ्यावरच राहिली. साइकांना जे म्हणायचे होते ते मराठीच्या ‘आपण’मध्ये नव्हतेच, ते ‘आम्ही’मध्ये होते. पालांना जो ‘आम्ही’ संकुचित वाटला त्याची कुंपणरेषा देशांमधून जात नव्हती. मी व्याकरण बरोबर सांगितले होते आणि वाक्य चुकीचे वाचले होते. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत एवढ्या आनंदाने मी कधी हरले नसेन.

म्हणून पालांचा प्रश्न फुकट ठरतो असे नाही. कर्ता कोण हे विचारण्याचा त्यांना हक्क होता. पण तो प्रश्न फक्त एका दिशेने विचारता येत नाही. हिरोशिमा हे लष्करी शहरही होते. तिथे मेलेल्यांत हजारो कोरियन होते, त्यांतले पुष्कळ जपानच्या साम्राज्यामुळेच तिथे आलेले. त्यांचे स्मारक १९७० मध्ये उभे राहिले ते शांतता उद्यानाच्या बाहेर, नदीपलीकडे. आत यायला त्याला १९९९ उजाडले. जिवंतांचा ‘आम्ही’ मृतांची मोजदाद करताना तरी एवढा मोठा नव्हता. कुरिहारा सादाको या हिरोशिमाच्याच, बॉम्बमधून वाचलेल्या कवयित्रीने नेमके यावर बोट ठेवले: हिरोशिमाचे नाव घेतले की पलीकडून सहानुभूती येईलच असे नाही, जपानी सैन्याच्या हातून मेलेल्यांची नावेही येतील, अशा आशयाची तिची कविता प्रसिद्ध आहे. ती इंग्रजीत वाचताना वर्ग एकदम गप्प झाला. मी त्या गप्पपणावर काही बोलले नाही.

सत्राच्या शेवटी मी योने नोगुची आणि रवीन्द्रनाथ ठाकूर यांची १९३८ ची पत्रे लावली. आधी ती यादीत नव्हती. हा पत्रव्यवहार आपल्याकडे अधूनमधून रवीन्द्रनाथांच्या थोरवीचा दाखला म्हणून निघतो. मला तो वादलेखनाचा नमुना म्हणून जास्त मोलाचा वाटतो. नोगुची तरुणपणी अमेरिकेत राहिलेला, इंग्रजीत कविता लिहिणारा, केइओ विद्यापीठात इंग्रजी शिकवणारा. दोन-तीन वर्षांपूर्वीच भारतात व्याख्याने देऊन गेलेला. रवीन्द्रनाथांनी १९१६ मध्ये जपानमध्येच जपानी राष्ट्रवादाविरुद्ध भाषणे केली होती. चीनवरच्या युद्धाचे समर्थन करत नोगुची जुलैमध्ये लिहितो की आशियात नवे मोठे जग उभारण्याचा हा अटळ मार्ग आहे. सप्टेंबरमध्ये उत्तर येते. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नाही, आणि दोघांनाही दुसरी सामाईक भाषा नाही. पाठ्यपुस्तकात शिकवतात ते सगळे त्यात आहे: प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडणे, जिथे मान्य आहे तिथे मान्य करणे, मग त्याच्या शब्दांचा आधार काढून घेणे. ‘आशिया’ हा शब्द नोगुची ‘आपण’सारखा वापरतो: तुम्ही, आम्ही, चिनीसुद्धा, सगळे एक. रवीन्द्रनाथ त्या ‘आपण’मध्ये बसायला नकार देतात. बॉम्ब चिनी गावांवर पडत असताना तो ‘आपण’ खरे तर ‘आम्ही’ आहे, एवढेच ते दाखवतात. ज्या लोकांवर आपले प्रेम आहे त्यांना त्यांनी शेवटी यश चिंतले नाही, पश्चात्ताप चिंतला. मुलांनी या पत्रावर लिहिलेले निबंध त्या सत्रातले सर्वांत बरे होते, जरी त्यांतल्या चौघांना रवीन्द्रनाथ उद्धट वाटले आणि एकाने ते सप्रमाण लिहिले. त्याला मी सर्वाधिक गुण दिले.

हर्सीवरचा निबंध विद्यार्थिनीने पुन्हा लिहून आणला. पहिल्या परिच्छेदात अमेरिकेच्या विमानाने बॉम्ब टाकला, विमानाचे नाव होते, आदेश देणाऱ्यांचा उल्लेख होता. तिसऱ्या परिच्छेदात, खालच्या माणसांबद्दल बोलताना, एक वाक्य तिने मुद्दाम कर्त्याशिवाय ठेवले आणि तळटीप दिली की हे वाक्य बदलू नये, कारण इथे लेखिका त्यांच्या जागेवरून पाहते आहे. नियमाप्रमाणे निबंध दुसऱ्या परीक्षकाकडे गेला. त्यांनी त्या वाक्याखाली रेघ मारली, तळटीप वाचली की नाही ठाऊक नाही, आणि ‘स्पष्टते’चे दोन गुण कापले. मी हरकत नोंदवली. एक गुण परत मिळाला. पुढच्या वर्षापासून या तासांची जागा चाचणीपरीक्षांच्या तयारीला द्यायची असे विभागात घाटत आहे, त्यामुळे निकषांची ती ओळ सुधारून घेण्याची संधी मला मिळेल असे वाटत नाही.

हा लेख लिहिताना मी तिला कळवले की तिचा प्रश्न मराठीत छापला जाणार आहे. दगडावरचे वाक्य मराठीत कसे केले ते तिने विचारले. मी दुसरा अर्धा पाठवला: ‘चूक पुन्हा करणार नाही.’ उत्तर त्याच संध्याकाळी आले. यातला कोणता शब्द कर्ता आहे? मी लिहिले, एकही नाही. हे ‘मी’ला चालते, ‘आम्ही’ला चालते, ‘तो’ आणि ‘ती’लाही चालते, ‘तू’ला मात्र चालत नाही, त्याला ‘नाहीस’ लागते. तिने ती ओळ देवनागरीत हाताने उतरवून छायाचित्र पाठवले. ‘पुन्हा’तला अर्धा ‘न’ तिला जमला नव्हता.